गाइतेरो म्हणजे बॅगपाइपवाला? आधी गाव सांगा, मग बोलू

नंतर वाचणाऱ्यांसाठी प्रश्न थोडक्यात सांगतो. तुमच्याकडे एका मालिकेची स्पॅनिश सबटायटल्स मराठीत करायचं काम आलंय, लोकसंगीत वाजवणाऱ्यांच्या मुलाखती आहेत, स्पेनपासून व्हेनेझुएलापर्यंत, आणि 'गाइतेरो' हा शब्द जागोजागी येतो. डिक्शनरीत 'बॅगपाइप वाजवणारा' दिलंय म्हणून तुम्ही तेच टाकत गेलात, पण कोलंबियाच्या भागात म्हातारबुवा बासरीसारखं काहीतरी वाजवतायत, माराकाइबोच्या भागात तर नुसते ढोल आणि गाणारे, बॅगपाइपचा पत्ताच नाही, आणि नाताळच्या जेवणाच्या सीनमध्ये कोणीतरी चक्क 'गाइतेरो उघडला' म्हणतंय. एकच शब्द सगळीकडे चालेल का, नसेल तर कुठे काय लिहू, असं विचारलंय. सोबत अडलेल्या वाक्यांची यादी दिलीय, आणि मराठी शब्द कुठला घ्यायचा, क्लायंटला देऊन झालेल्या एपिसोडचं काय करायचं, हेही विचारलंय.

एकच शब्द चालणार नाही. मी स्पॅनिशवरून मराठीत आणि इंग्रजीत भाषांतरं करतो, त्यात संगीतमहोत्सवांची माहितीपत्रकं आणि सबटायटल्स बरीच असतात, त्यामुळे हा शब्द माझ्या पानावर सारखा येतो. यात गाइतेरोकडे बघत बसून काही हाती लागत नाही, आधी 'गाइता' म्हणजे तिथे काय ते शोधायचं. '-एरो' ही शेपटी म्हणजे आपलं '-वाला'. आपल्याकडे पेटीवाला म्हटलं तर भजनात तो हार्मोनियम वाजवणारा, आणि एप्रिल-मेमध्ये सोसायटीच्या गेटवर आला तर देवगड हापूस विकणारा. पेटी बदलली की पेटीवाला बदलला, तसंच हे. आणि गाइता हा शब्द स्पेनमध्येच चार-पाच वाद्यांना लावतात, समुद्र ओलांडल्यावर तर विचारूच नका.

म्हणून मी सगळ्यात आधी गाव बघतो. देश नाही, गाव किंवा निदान प्रांत, कारण नुसतं 'स्पेन' कळून उपयोग नसतो. मग स्क्रीनवर बघतो की काखेत पिशवी आहे का. नंतर क्रियापद, वाजवतो म्हणतायत की गातो म्हणतायत की नुसतंच 'तो गाइतेरो होता' म्हणतायत. व्हिडिओ हातात असेल तर हे मिनिटाचं काम आहे, क्लायंटने नुसती टेक्स्ट फाइल दिली असेल तर मात्र व्हिडिओ मागून घ्या, लाजू नका.

आता गाइतेरोची डिक्शनरीवाली जागा, म्हणजे स्पेनचा वायव्य कोपरा, गालिसिया आणि त्याला लागून आस्तुरियास. इथे बॅगपाइप शंभर टक्के बरोबर. फक्त स्कॉटलंडचा किल्टवाला बॅगपाइप डोळ्यासमोर आणू नका, हे वाद्य जरा वेगळं दिसतं. काखेत पिशवी, पूर्वी कातड्याची असायची, आता गोअरटेक्सची पण मिळते, वर कापडाचा झगा आणि झालरी. तोंडातल्या नळीतून पिशवीत हवा भरायची, कोपराने दाबून ती बाहेर काढायची. पुढे बोटांखाली असते ती सूरनळी, त्यात दुहेरी पत्ती म्हणजे आपल्या सनईसारखीच, आणि खांद्यावरून मागे जातो तो लांब दांडा 'रोंकोन', तो एकच खर्जाचा सूर धरून ठेवतो आणि त्याची पत्ती एकेरी असते. सनईच्या जोडीला एकजण नुसता सूर धरून बसलेला असतो ना, ते काम इथे हा दांडा करतो. सांतियागोच्या कॅथेड्रलला लागून एक कमानीचा बोगदा आहे, तिथे कोणीतरी गाइता वाजवत उभा असतोच, जवळ उभं राहिलात तर कळेल की आधी पिशवीवर एक चापटी बसते, मग रोंकोन घुमायला लागतो आणि त्यानंतर चाल सुरू होते. मधेच तो नळी तोंडातून काढून श्वास घेतो तरी आवाज तुटत नाही कारण हवा पिशवीत शिल्लक असते. हे मी उगाच सांगत नाहीये, सबटायटलमध्ये 'फुंकणं थांबवलं' आणि 'वाजवणं थांबवलं' यात गल्लत होते आणि स्क्रीनवर आवाज तर चालूच असतो, मग प्रेक्षक बुचकळ्यात पडतो.

गालिसियाच्या एपिसोडमध्ये अजून एक सापळा येईल. तिथे गाइता पट्टीवरून ओळखतात, तुम्बाल, रेदोंदा आणि ग्रिलेइरा. रेदोंदाचा शब्दशः अर्थ गोल, आणि मी खरोखर 'गोल बॅगपाइप' असं छापलेलं वाचलंय. गोल वगैरे काही नाही, रेदोंदा म्हणजे सी ची गाइता, आपल्या भाषेत पांढरी एक. तुम्बाल त्याच्या खाली, बी फ्लॅट म्हणजे काळी पाच. ग्रिलेइरा वरची, साधारण पांढरी दोन, नाव रातकिड्यावरून आलंय. मराठी प्रेक्षकाला काळी-पांढरी पटकन कळते, सी आणि बी फ्लॅट लिहिण्यापेक्षा मला ते बरं वाटतं, पण मालिका अगदी तांत्रिक असेल तर तुमचं तुम्ही ठरवा.

तिथल्या भाषेत, म्हणजे गालेगोत, शब्द 'गाइतेइरो' होतो. मुलाखत देणारा गालेगोत बोलतोय की स्पॅनिशमध्ये यावर स्पेलिंग ठरेल, पण मराठीत एकच ठेवा नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल दोन वेगळे लोक आहेत. अपवाद फक्त नावांचा. 'ओ गाइतेइरो दे सोउतेलो' असं आलं तर तो आवेलिनो काचाफेइरो, सोउतेलो दे मोंतेस गावचा, त्याने आणि त्याच्या घरच्यांनी मिळून गट चालवला आणि त्याची ओळख गावासकट झाली. असं नाव आलं की 'सोउतेलोचा एक बॅगपाइपवाला' करून टाकू नका, ती पदवी आहे. आताच्या लोकांत विगोचा कार्लोस नून्येस, ओउरेन्सेची क्रिस्तिना पातो ही नावं येतील, आणि सुसाना सेइवाने, जिच्या घराण्याचा गाइता बनवण्याचा कारखाना आहे. आस्तुरियासचा एविआ पण येईल, याने गाइताला इलेक्ट्रॉनिक करून 1998 च्या अल्बममधून जगभर पोचवलं. त्याच्या हातात पिशवी नसलेलं वाद्य दिसलं तर घाबरू नका, तो गाइतेरोच आहे.

आता स्पेनमध्येच थोडं पूर्वेला सरका, पाम्पलोनाला. तुमच्या यादीतलं वाक्य आहे ना, 'जायंट्सच्या मागून गाइतेरो चालतात', ते सान फेर्मिनच्या जुलैतल्या उत्सवाचं आहे. बैलांची पळापळ सगळ्यांना माहीत असते, पण त्याच दिवसांत सकाळी राजाराणींचे आठ प्रचंड पुतळे रस्त्यातून नाचवतात, 1860 मध्ये तादेओ आमोरेनाने केलेले, आत माणूस शिरतो आणि तो गिरक्या घेतो. त्यांच्यासोबत जे गाइतेरो असतात त्यांच्याकडे बॅगपाइप नसतो! नावार्रात गाइता म्हणजे दुल्साइना, लाकडी, खाली पसरट होत जाणारी, तोंडात दुहेरी पत्ती, पिशवी वगैरे काही नाही. साधारण दोघं हे वाजवतात आणि तिसरा ताशासारखा ढोल. म्हणजे जवळजवळ आपली सनई. हा तुमच्या यादीतला सगळ्यात धोक्याचा शब्द आहे असं माझं मत, कारण कोलंबिया-व्हेनेझुएलात निदान शंका तरी येते, स्पेन म्हटल्यावर कोणी तपासायला जातच नाही. इथे 'सनईवाले' लिहाल का? मी लिहिणार नाही, सनई म्हटलं की मराठी माणसाच्या डोक्यात लग्नमंडप उभा राहतो. 'सनईसारखी गाइता वाजवणारे' असं पहिल्यांदा एकदा लिहायचं, मग पुढे गाइतेरो.

सालामान्काकडे तर गाइता म्हणजे तीन भोकांची बासरी, एका हाताने वाजवायची आणि दुसऱ्या हाताने त्याच माणसाने ढोलकं वाजवायचं. पण तिथे त्या माणसाला बहुतेक ढोलकंवालाच म्हणतात, म्हणून त्यावर वेळ घालवत नाही.

कोलंबिया. तुमचे म्हातारबुवा सान हासिंतोचे असणार, कॅरिबियन किनाऱ्याच्या आतल्या बाजूला मोंतेस दे मारीया नावाची डोंगराळ पट्टी आहे तिथलं गाव. तिथली गाइता उभी लांब बासरी आहे, निवडुंगाच्या खोडाची, आतला गर काढून पोकळ केलेली. वरचं टोक बघा जरा नीट, क्लोजअप असेल तर, काळा गोळा दिसेल. ते मधमाशीचं मेण आणि कोळशाची पूड मळून केलेलं डोकं, आणि त्यात बदकाच्या किंवा तसल्याच पक्ष्याच्या पिसाचा देठ खोचलेला, त्यातून फुंकायचं. जोडी असते, एक मादी गाइता आणि एक नर गाइता. मादीला पाच भोकं आणि चाल तिच्यावर, नराला एखाद-दोन भोकं, तो फक्त आधार देतो, आणि त्याला एकच हात पुरतो म्हणून नरवाला दुसऱ्या हातात माराका घेऊन खुळखुळवतो. हे वाद्य स्पॅनिश लोक यायच्या आधीचं, सिएर्रा नेवादा दे सान्ता मार्ताचे कोगी लोक त्याला कुइसी म्हणतात, नाव तेवढं स्पॅनिश बसलं. सोबतचे ढोल आफ्रिकन वळणाचे. या गावाच्या 'लोस गाइतेरोस दे सान हासिंतो' गटाला 2007 चा लॅटिन ग्रॅमी मिळालाय, म्हणजे हे त्या गटाचं नाव आहे, 'सान हासिंतोचे बॅगपाइपर' झालं तर ओळखणारे हसतील. इथे मराठीत बासरी लिहायला हरकत नाही पण कृष्णाची आडवी बासरी डोळ्यासमोर येते, म्हणून मी 'उभी बासरी' किंवा 'लांब पावा' करतो.

नर-मादी वरून आठवलं, सबटायटलमध्ये 'एम्ब्रा' (मादी) आणि 'माचो' (नर) सुटे आले आणि आधीच्या वाक्यात गाइता नसेल तर माणसांबद्दल बोलतायत असं वाटतं. 'मादी माझ्या बापाने केली' असलं भयंकर वाक्य होऊ शकतं. गाइता हा शब्द तिथे पुन्हा घाला, जागा कमी पडली तर दुसरं काहीतरी कापा.

माराकाइबो. इथे शब्द सगळ्यात जास्त सरकलाय, गाइता हे वाद्यच राहिलेलं नाही, तो गाण्याचा प्रकार आहे. व्हेनेझुएलाच्या सुलिया राज्याचा, नाताळच्या मोसमात सगळ्या देशात वाजणारा. ग्रुपमध्ये कुआत्रो म्हणजे चार तारांचं छोटं गिटार, माराका, घासून वाजवायची चार्रास्का, ढोल आणि फुर्रो. फुर्रो बघण्यासारखा आहे, ढोलाच्या कातड्याच्या मधोमध एक काडी उभी बसवलेली असते, तिच्यावरून हात ओढत न्यायचा की खालून घर्र घर्र असा खर्ज येतो. म्हणजे तुम्हाला व्हिडिओत जे 'नुसते ढोल' दिसले त्यात तो एक असणार. आणि इथे गाइतेरो कोण, तर गाणारा, वाजवणारा, गाणी रचणारा, ग्रुपमधला कोणीही, आणि कधीकधी नुसता शौकीन पण. तिथे 8 नोव्हेंबरला गाइतेरो दिन असतो, रिकार्दो आगिर्रेच्या आठवणीत, तो 1969 मध्ये त्या तारखेला गेला, आणि तो मुख्यतः गायक होता. त्यानंतर दहा दिवसांनी, 18 नोव्हेंबरला, चिकिनकिराच्या मारीयामातेचा उत्सव, लाडाने तिला 'ला चिनीता' म्हणतात. तुमचं वाक्य, 'माझा मामा जन्मभर गाइतेरो, नोव्हेंबर लागला की घरात दिसायचा नाही', हे त्यामुळे आहे, सिझन. मी असं करेन: 'माझा मामा जन्मभर गाइता गाणारा'. मामा काय वाजवायचा ते पुढे कुठे आलं असेल तर गाणारा काढून टाका, नाहीतर चूक होईल, म्हणून आधी पूर्ण मुलाखत वाचा.

आणि हो, खेळाच्या बातम्या मागे टीव्हीवर चालू असतील आणि 'गाइतेरोस जिंकले' ऐकू आलं तर ती माराकाइबोची बास्केटबॉल टीम आहे, गाइतेरोस देल सुलिया. मराठीत टीमचं नाव तसंच.

इथपर्यंत झालं ते असं की गालिसिया-आस्तुरियासला बॅगपाइप, नावार्राला सनईच्या जातीचं, कोलंबियाला उभी बासरी, सुलियाला गाणं. पुढचे अर्थ वाद्याशी संबंध नसलेले आहेत आणि सबटायटलवाला खरा तिथे फसतो.

'गाइतेरो उघडला' ही साइडरची बाटली आहे. आस्तुरियासमधल्या बियाविसियोसाची 'एल गाइतेरो', 1890 पासूनची कंपनी, सफरचंदाची फेसाळ दारू, लेबलवर गाइता वाजवणारा. स्पेनमध्ये नाताळच्या टेबलावर शॅम्पेनच्या जागी ही असते आणि अर्जेंटिनात पण ओळखीची आहे. मूळ स्क्रिप्टमध्ये अक्षर कॅपिटल असेल, ऐकून टाइप केलेल्या सबटायटलमध्ये ते हरवतं आणि मशीन ट्रान्सलेशन बिचारं बॅगपाइपवाल्याला उघडून मोकळं होतं. 'साइडरची बाटली उघडली' एवढं पुरे, ब्रँड सांगायची गरज नाही.

गाइतेरो विशेषण म्हणून आलं, एखाद्या कपड्याबद्दल, तर भडक, नको तेवढं रंगीबेरंगी. माणसाबद्दल आलं तर वयाला न शोभणारी थट्टामस्करी करणारा, आणि तो माणूस वयस्कर असेल तर आपल्याकडे यासाठी 'म्हातारचळ' हा इतका नेमका शब्द आहे की मी त्याची वाटच बघत असतो. हा वापर आता जुना झालाय, पुस्तकात भेटतो, मुलाखतीत क्वचित.

त्यापेक्षा 'सोप्लागाइतास' जास्त भेटेल. फोड केली तर गाइता फुंकणारा, म्हणजे दिसायला तोच आपला बॅगपाइपवाला, पण ही शिवी आहे, बावळट, बिनडोक, वर जरा डोकं खाणारा. तुमच्या फाइलमध्ये तो मॅनेजरबद्दल आहे आणि तुम्ही 'आमचा मॅनेजर बॅगपाइप फुंकतो' केलंय, ते बदला. 'आमचा मॅनेजर म्हणजे येडपट आहे नुसता' हे चालेल, मालिका कुठल्या वयाच्या लोकांसाठी आहे त्यावर तिखटपणा कमी-जास्त करा. याच घरातले अजून काही: 'के गाइता' म्हणजे काय कटकट आहे. 'गाइता जुळवत बसणं' म्हणजे लोकांच्या मर्ज्या सांभाळत बसणं, कारण गाइता सुरात आणणं हे चिकाटीचं काम, श्वासाच्या ओलाव्याने पत्त्यांचा सूर हलतो, दांड्याचे जोड थोडे आत-बाहेर करत बसावं लागतं, आणि खोलीतून बाहेर उन्हात गेलात की पुन्हा पहिल्यापासून. वादक स्वतःच हे म्हणत असेल तर मात्र थांबा, तो खरंच वाद्य जुळवत असू शकतो, किंवा मुद्दाम दोन्ही अर्थाने बोलत असेल. तिथे स्क्रीन बघितल्याशिवाय मी काहीच लिहीत नाही. आणि अर्जेंटिना-उरुग्वेत कोणाला नुसतं 'गाइता' म्हटलं तर तो माणूस स्पेनचा आहे एवढाच अर्थ, थोडा चिडवण्याचा सूर, कारण तिकडे गेलेल्यांत गालिसियाचे लोक भरपूर होते.

पुढे मालिका पोर्तुगीज भागात गेली तर तेच चक्र परत. पोर्तुगालच्या मिरांदा दो दोउरोत गाइतेइरो म्हणजे बॅगपाइपवाला, त्याच्या तालावर पुरुष काठ्यांचा नाच करतात. ब्राझीलच्या दक्षिण टोकाला, रिओ ग्रांदे दो सुलमध्ये, गाइता म्हणजे अकॉर्डियन आणि गाइतेइरो अकॉर्डियनवाला, रेनातो बोर्गेत्ती हे त्यातलं मोठं नाव. ब्राझीलमध्येच इतरत्र गाइता म्हणजे माउथ ऑर्गन, आणि बोलीत पैसा. यावर वेगळं विचारा, इथे लांबेल.

मराठी शब्द कुठला, हेही विचारलंय. 'मशकवादक' नको. हिंदीत मशक बाजा चालतो, उत्तराखंड-राजस्थानात वाजवतातच, पण मराठीत मशक म्हणजे डास, आणि ज्याला हिंदी शब्द माहीत नाही तो डास वाजवणाऱ्या माणसाचा विचार करत बसेल. 'वाजंत्री' मला मनापासून आवडतो, कारण गावच्या जत्रेत, लग्नात, मिरवणुकीत हजर असणारा तो माणूस, गालिसियातल्या जुन्या गाइतेरोची जागा अगदी तीच. पण वाजंत्री म्हटलं की आपल्याकडे विशिष्ट घराणी, मानपान, बलुतेदारी हे सगळं त्या शब्दाबरोबर येतं आणि ते तिथे नाहीये. एखाद्या जुन्या गोष्टीच्या भाषांतरात मी वापरेन, मुलाखतीत नाही. 'बॅगपाइपवादक' बरोबर आहे, फक्त लांब आहे, सबटायटलच्या ओळीत साधारण चाळीस-बेचाळीस अक्षरं बसतात त्यातली पाव जागा तोच खातो. बोलण्यातल्या वाक्याला 'बॅगपाइपवाला' बरा, आणि बाई असेल तर 'बॅगपाइप वाजवते' असं क्रियापदावर न्या, 'वाली' कानाला खटकतं. स्पॅनिशमध्ये गाइतेरा असा सरळ शब्द आहे, आपल्याला ती सोय नाही.

माझी स्वतःची पद्धत अशी की मालिका जर या लोकांबद्दलच असेल, आणि तुमची तशीच आहे, तर गाइतेरो शब्द मराठीत तसाच ठेवायचा आणि प्रत्येक एपिसोडमध्ये पहिल्यांदा येईल तिथे एका ओळीत उलगडायचा, त्या गावापुरता. मग मालिकेत पुढे कोणी म्हणालं की आम्ही सगळे गाइतेरोच, समुद्राच्या या बाजूचे आणि त्या बाजूचे, तर ते वाक्य उभं राहील. तुम्ही प्रत्येक ठिकाणी वेगळा मराठी शब्द टाकला असेल तर त्या वाक्याला काही अर्थच उरणार नाही. उलट शब्द एखाद्या बातमीत किंवा कादंबरीत एकदाच ओझरता आला असता तर मी तिथलं वाद्य लिहून मोकळा झालो असतो.

दिलेल्या एपिसोडचं काय, तर गालिसियाचे तसेच राहू द्या, पाम्पलोनाचा परत मागवा. क्लायंटला मेल करताना टाइमकोडसकट लिहा आणि पुतळ्यांच्या सीनचा स्क्रीनशॉट जोडा, वाद्य स्पष्ट दिसतं त्यात, वाद घालावा लागणार नाही. मॅनेजरवालं वाक्य मात्र आजच बदला.